स्थानकाच्या खोदाईत निघालेलं जुनं रेल्वेचं लोखंड कसं ओळखायचं

लोंडा ते मिरज या पट्ट्यात एखाद्या जुन्या स्थानकाची डागडुजी निघाली की फलाटाच्या कडेला, मालधक्क्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ लोखंड निघतंच. मग फोनवर फोटो येतो: "सर, हे काय असेल? ब्रिटिशकालीन आहे ना?" फोटोत वस्तू घासूनपुसून लख्ख, खाली फरशी, शेजारी मोजपट्टी नाही. कुठं सापडली विचारलं तर उत्तर येतं, "तिकडंच, ढिगात."

अशा फोटोवरून फार तर वस्तूचं नाव सांगता येतं. ती कुठल्या मार्गाची, कुठल्या काळातली, तिथंच वापरात होती की नंतर कुणी आणून टाकली, हे सांगणारा पुरावा उचलण्यात आणि घासण्यात गेलेला असतो. लोक आधी नाव ठरवतात, मग माप घेतात आणि नोंद शेवटी आठवेल तशी करतात. हा क्रम बरोबर उलटा करायचा आहे.

## टप्पा १ : पहिला टिकाव पडण्याआधी

परवानगी लेखी घ्या. आपल्या भागातली बहुतेक स्थानकं दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतात. स्टेशन मास्तर ओळखीचे आहेत, चहा पाजतात, म्हणून तोंडी होकारावर काम सुरू करू नका. जमिनीतून निघालेला गंजका खिळासुद्धा रेल्वेचीच मालमत्ता असतो. 'आठवण म्हणून' खिशात टाकलेला डॉग स्पाइक (रूळ जागेवर धरणारा खिळा) १९६६ च्या रेल्वे मालमत्ता बेकायदा ताबा कायद्याखाली तुम्हाला अडचणीत आणू शकतो. वस्तू कुणाच्या ताब्यात राहणार आणि कुठल्या खोलीत ठेवायच्या, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. हे आधी ठरलं नाही तर अर्धा माल कंत्राटदाराच्या भंगारात जातो आणि नंतर कुणालाच काही आठवत नाही.

साहित्य: पोलादी मोजपट्टी, १५० मि.मी.चा व्हर्नियर कॅलिपर, लटकवायचा वजनकाटा, काथ्याचा ब्रश, बांबूच्या कामट्या, खडू, टॉर्च, जाड पुठ्ठा, नायलॉनची दोरी, ॲल्युमिनियमचे बिल्ले आणि एक बांधीव वही. सुटे कागद नकोत. जूनमध्ये खानापूर-लोंड्याकडं सुटा कागद दुपारपर्यंत टिकत नाही.

बिल्ल्यावरचे आकडे फोनच्या कीपॅडवर असतात तसे लिहा. खोदणारी माणसं मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी असतात. आपला ३ आणि कानडी ३ पाहा, घाईत हमखास घोळ होतो. बोलण्यातही सावध राहा. कानडी गडी रुळाला 'हळी' म्हणतात. "एक हळी निघाली" असा निरोप आला तर तो आख्खा रूळ असेल किंवा वीतभर तुकडा. जाऊन पाहिल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

> सावधान : खोदाईत चपटी गोल डबी निघाली, बूटपॉलिशच्या लहान डबीसारखी, दोन्ही बाजूंना वाकवायच्या मऊ पट्ट्या असलेली, तर हात लावू नका. तो धुक्यात किंवा धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचा डिटोनेटर असू शकतो. आत स्फोटक असतं आणि गंजलेला म्हणजे निकामी असं धरून चालत नाही. माणसं बाजूला करा, स्टेशन मास्तर आणि रेल्वे सुरक्षा दलाला कळवा. त्या दिवशी तिथलं काम बंद.

## टप्पा २ : वस्तू जागेवर असतानाच नोंद

लोखंड दिसलं की खोदणं थांबवा. वरून, बाजूनं आणि मोजपट्टी ठेवून, असे तीन फोटो काढा. मग वहीत चार गोष्टी लिहा.

1. खोली. फलाटाच्या काठाचा दगड हा कायमचा आधार धरा आणि तिथून खाली मोजा. जमिनीपासून मोजू नका. उद्या मुरूम टाकला की ती जमीन बदलते.
2. दिशा. तुकडा चालू मार्गाला समांतर आहे, आडवा आहे की उभा रोवलेला?
3. आजूबाजूची माती. खडी, कोळशाची राख, मुरूम, जांभ्याचा चुरा, काळी माती की बांधकामाचा राडारोडा?
4. शेजारी काय आहे. रुळाशेजारी स्लीपर (रुळाखालचा आडवा आधार), स्लीपरला अजून चावी (रूळ घट्ट बसवणारी पाचर), असं जोडीनं मिळालं तर ती जोडी तोडण्याआधी पुन्हा फोटो काढा.

तिसऱ्या मुद्द्याकडं सगळे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका आहे. खडीत, मार्गाला समांतर, स्लीपरसकट मिळालेला रूळ बहुधा तिथं अंथरलेलाच होता. राखेच्या थरात मिळालेल्या वस्तू वाफेच्या इंजिनांच्या दिवसांतल्या असण्याची शक्यता मोठी. विटा-सिमेंटच्या राड्यात मिळालेला रूळ मात्र मार्गाचा म्हणून सापडलेला नाही. तो बहुधा कुठल्या तरी छपराची तुळई असावा.

हे नीट समजून घ्या, कारण जुना रूळ रेल्वेनं कधी फुकट घालवला नाही. कुंपणाचा खांब, तारांचा खांब, शेडची तुळई, गटारावरची पट्टी, सगळीकडं तो वापरला. म्हणून सापडल्या जागेवरून वस्तूचं मूळ ठरत नाही, तिचा शेवटचा मुक्काम तेवढा कळतो.

> तपासा : वस्तू उचलण्याआधी बिल्ला बांधलाय का? फोटोत बिल्ल्याचा नंबर दिसतोय का?

## टप्पा ३ : उचलणं आणि साफ करणं

साठ पौंडी रूळ (म्हणजे यार्डाला साठ पौंड वजनाचा) मीटरला जवळजवळ ३० किलो भरतो. चार मीटरचा तुकडा म्हणजे १२० किलो. दोघांनी पहारीनं उचकटायचा माल नव्हे हा.

ओतीव लोखंडाला हातोडा लावू नका. ते ठिसूळ असतं, ठोकलं की कान तुटतो आणि नेमकी त्याच कानावर अक्षरं असतात. गॅस कटर तर आसपाससुद्धा नको. 'गाडीत मावत नाही' म्हणून कापलेल्या रुळाचं ठसा असलेलं अर्धं पुढं कुठं जातं, ते विचारू नका.

साफसफाई कोरडी करा. काळी माती वाळू द्या, ती आपोआप ढेकळं होऊन सुटते. रायबाग-घटप्रभेकडच्या मातीत हे चांगलं जमतं. खानापूर-लोंड्याकडच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत गंज कुठं संपतो आणि माती कुठं सुरू होते तेच कळत नाही, तिथं बांबूची कामटी आणि धीर लागतो. तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि ॲसिड तिन्ही वर्ज्य.

जुना लाल रंग दिसला तर खरवडू नका. तो शिशाचा, म्हणजे शेंदराचा असू शकतो आणि त्याची धूळ विषारी असते. शिवाय त्या रंगाखालीच पूर्वीचे नंबर रंगवलेले असतात.

## टप्पा ४ : रूळ मोजायचा कसा

बहुतेक चुका इथंच होतात, म्हणून जरा सावकाश.

रुळाचे तीन भाग: वरचं डोकं, मधली उभी पाटी, खालचा सपाट तळ. तिन्ही मोजा आणि तेही तीन वेगवेगळ्या ठिकाणी. चाकांनी डोकं झिजतं, म्हणून उंची आणि डोक्याची रुंदी कमी भरते. मातीत पडल्यानं तळाच्या कडा खाल्ल्या जातात, म्हणून तळही कमी भरतो. आलेल्या मापांतलं सगळ्यात मोठं माप खऱ्याच्या जवळचं धरा. सरासरी काढू नका. शाळेतली सवय इथं नडते.

नव्या रुळाची मापं, उंची, तळ आणि डोकं या क्रमानं, मि.मी.मध्ये ('आर' म्हणजे 'रिव्हाइज्ड', सुधारित छेदाचा; '५२ किलो' हे मीटरमागचं वजन):

- ५० पौंडी आर : १०४.८, १००.०, ५२.४
- ६० पौंडी आर : ११४.३, १०९.५, ५७.२
- ७५ पौंडी आर : १२८.६, १२२.२, ६१.९
- ९० पौंडी आर : १४२.९, १३६.५, ६६.७
- ५२ किलो : १५६, १३६, ६७

पहिले तीन आपल्याकडं मीटर गेजच्या (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाच्या) संदर्भात भेटतात, शेवटचे दोन ब्रॉडगेजच्या. मीटर गेजवर त्याहून हलका ४१¼ पौंडी रूळही असायचा. हातात फारच किरकोळ वाटणारा तुकडा आला तर 'ट्रॉलीचा असेल' म्हणून फेकू नका.

यादीतला सापळा पाहिलात? ९० पौंडी आणि ५२ किलो यांचा तळ आणि डोकं जवळपास सारखंच आहे. फरक उंचीत, १३ मि.मी.चा. म्हणून केवळ तळ मोजून ब्रॉडगेजच्या रुळाला नाव देऊ नका.

वजनाची खातरजमा. तुकडा लहान असेल तर लटकवून वजन करा, लांबीनं भागा आणि किलो प्रति मीटर काढा. त्याची दुप्पट केली की ढोबळमानानं पौंड प्रति यार्ड येतात. ४० सें.मी.चा तुकडा ११.५ किलो भरला, तर मीटरला २८.७५, म्हणजे साधारण ५७ पौंड. झीज आणि गंज धरला तर हा साठ पौंडी. वजन करता यावं म्हणून तुकडा कापून घेऊ नका. हे लिहायला लागतंय याचं वाईट वाटतं, पण लागतंय.

भोकं पाहा. रुळाच्या टोकाशी मधल्या पाटीला असलेली गुळगुळीत गोल भोकं फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, बोल्टची. रुळाच्या मध्येच असलेली वेडीवाकडी, वितळल्यासारख्या कडांची भोकं गॅसनं पाडलेली, म्हणजे नंतरच्या आयुष्यातली: कुंपणाची तार, छपराचा बोल्ट. दोन्ही टोकांना फिशप्लेटची भोकं असतील तर तुमच्या हाती पूर्ण लांबीचा रूळ आहे, लांबी आवर्जून नोंदवा. पुढच्या काळात मीटर गेजला १२ आणि ब्रॉडगेजला १३ मीटर ही रुळाची ठरलेली लांबी झाली. त्याहून बराच आखूड, पण दोन्ही टोकं मूळची, असा रूळ मिळाला तर तो जास्त जुना असण्याची शक्यता वाढते.

झीज कुठल्या बाजूला? डोक्याची एकच बाजू तिरकी कापल्यासारखी झिजली असेल तर हा वळणावरचा बाहेरचा रूळ. सरळ फलाटाखाली तो सापडला, तर दुसरीकडून आणलेला आहे हे तिथंच कळतं.

> तपासा : फिशप्लेट शेजारी मिळाली म्हणून ती याच रुळाची असं नाही. रुळाला लावून पाहा. खरी जोडी डोक्याच्या खाली आणि तळाच्या वर, अशा दोनच ठिकाणी टेकते, मधल्या पाटीला चिकटत नाही. चिकटली तर प्लेट दुसऱ्या मापाच्या रुळाची आहे.

## टप्पा ५ : अक्षरं वाचणं

रुळाच्या मधल्या पाटीवर उठावाची अक्षरं असतात आणि ती ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतात. एका जागी गंजली असतील तर हातभर पुढं सरका, हरू नका.

पद्धत साधी आहे. अंधार पडू द्या, किंवा पोतं धरून सावली करा. टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा मारा. समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही, आडव्या उजेडात अक्षरांना सावली येते. मग खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवा, उठावाचा भाग पांढरा होतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या. एकदा आम्हाला दिवसाउजेडी नुसतं '३' दिसत होतं. टॉर्चनं ते '८' निघालं, डावी बाजू गंजलेली होती. पन्नास वर्षांचा फरक पडला.

ठशात साधारणपणे कारखाना, रुळाचा प्रकार, पोलादाची जात, महिना आणि साल मिळतं. महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात किंवा उभ्या रेघांत असतो. त्या रेघांना कुणी 'अकरा' वाचतं, कुणी सालात मिसळतं. बाण असेल तर तोही उतरवा. तो गाडीची दिशा दाखवत नाही, पोलादाच्या मूळ ठोकळ्याची वरची बाजू कुठली होती ते दाखवतो.

काळाची हद्द ठरवायला कंपन्यांची आद्याक्षरं उपयोगी पडतात. सदर्न मराठा रेल्वे १८८२ ची. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. १९५१ पासून दक्षिण रेल्वे, १९६६ पासून दक्षिण मध्य आणि २००३ पासून दक्षिण पश्चिम. म्हणजे नुसतं 'एस.एम.आर.' असलेली वस्तू १९०८ च्या आधीची. टाटांची लोखंड-पोलाद कंपनी १९०७ ची, तेव्हा टाटांचा ठसा असलेला रूळ पहिल्या अंथरणीतला असूच शकत नाही, तो कितीही गंजलेला दिसो. लोंडा-कॅसलरॉककडं पोर्तुगीज गोव्याच्या रेल्वेची अक्षरंही मिळू शकतात. तोही मार्ग मीटर गेजच होता, त्यामुळं मापावरून दोन्ही वेगळे ओळखता येणार नाहीत, अक्षरांवरूनच येतील.

> सावधान : ठशातलं साल रूळ कारखान्यात बनल्याचं असतं. तो इथं कधी अंथरला, ते त्यावरून कळत नाही. फलकावर 'स्थापनेच्या वेळचा रूळ' असं लिहिण्याआधी हे आठवा.

## टप्पा ६ : स्लीपर आणि त्याची पिलावळ

लाकडी स्लीपर. मीटर गेजचा साधारण १,८३० मि.मी. लांब, ब्रॉडगेजचा २,७४०. पण टोकं कुजतात, वाळवी खाते, म्हणून लांबीवर भिस्त ठेवू नका. खिळ्यांच्या भोकांच्या दोन जुड्यांतलं अंतर मोजा. रुळांच्या बैठकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत एक मीटर आणि पाच-सात सें.मी. आलं तर मीटर गेज, पावणेदोन मीटर आलं तर ब्रॉडगेज. मिरजेच्या बाजूला काम असेल तर ७६२ मि.मी.ची नॅरोगेजही ध्यानात ठेवा, बार्शी लाइट रेल्वे तिथपर्यंत येत होती.

पत्र्याचा ट्रफ स्लीपर. उलट्या पन्हळीसारखा, टोकं खाली वाकवलेली. गटारावरचं झाकण म्हणून याचा इतका वापर झालाय की लोक झाकणच समजतात. वरच्या अंगाला रूळ धरणारे कान किंवा त्यांची भोकं शोधा.

ओतीव पॉट आणि प्लेट. उपडी ठेवलेली लोखंडी कढई वाटावी असा पॉट, दोन रुळांखाली दोन, मध्ये जोडणारी पट्टी म्हणजे टाय बार. हा पाण्याच्या टाकीचा किंवा चुलीचा भाग म्हणून नोंदवलेला मी पाहिलाय. रुळाची बैठक किंचित आतल्या बाजूला कललेली असते, २० ला १ या प्रमाणात. सपाट फळी ठेवून पाहा. कल दिसला की चुलीचा प्रश्न मिटला.

सगळ्यात जास्त फसवते ती सी.एस.टी.-९ ही रुळाखालची ओतीव प्लेट. जाडजूड, काळी, गंजलेली, बघताक्षणी शंभर-सव्वाशे वर्षांची वाटते. आम्ही एका स्थानकात अशा दोन प्लेटा मांडून 'मूळ मार्ग, १८८० चे दशक' अशी चिठ्ठी लावली. दुपारी एक निवृत्त चावीवाले काका आले. वाकून प्लेटीच्या कानावरून अंगठा फिरवला आणि हसले. "सर, ह्या तर आम्हीच ठोकलेल्या की हो. मीटर गेज काढेपर्यंत होत्या." त्या नावातला 'सी.एस.' सेंट्रल स्टँडर्ड्सचा, आणि ते कार्यालयच १९३० चं. चिठ्ठी काढली. काकांना चहा दिला आणि मग बाकीचा ढीग त्यांच्यापुढं मांडला. हेच आधी करायला हवं होतं. आपल्याकडचं मीटर गेज १९९० च्या दशकात गेलं, त्या चाव्या ठोकणारी माणसं अजून गावात आहेत.

बारीक वस्तू एका पिशवीत भरू नका, प्रत्येकीला बिल्ला.

- *डॉग स्पाइक :* चौकोनी दांडा, छिन्नीसारखं टोक, डोक्याला दोन बाजूंना कान. कान गंजून गेले की साधा खिळा वाटतो, म्हणून दांड्याचा छेद पाहा.
- *स्क्रू स्पाइक :* गोल दांडा, जाड आटे, वर पान्यासाठी चौकोनी डोकं.
- *चावी :* निमुळती पट्टी, रूळ आणि स्लीपरचा कान यांच्यामध्ये ठोकायची. दोन्ही टोकांना ठोकल्याचे घाव असतील तर दोन्ही बाजूंनी बसणारी.
- *कॉटर :* टाय बारच्या खाचेत बसणारी लहान पाचर. चावीशी गल्लत होते. कॉटर पातळ आणि आखूड.

धातूही पाहून ठेवा. ओतीव लोखंडावर वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा आणि साच्याच्या जोडाची रेघ दिसते. जुनं घडीव लोखंड गंजलं की लाकडासारख्या रेषा सुटतात. पोलाद सगळीकडं सारखे खड्डे पडून गंजतं.

## टप्पा ७ : सांध्याचे भाग

सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. सांधेवाल्याच्या ताब्यातलं हे सामान वेगळं नोंदवा. निमुळता होत धारेसारखा झालेला रूळ म्हणजे सांध्याची जीभ, तो तुटलेला रूळ नव्हे. दोन्ही टोकं बाजूला वळवलेला आखूड रूळ म्हणजे चेक रेल. 'व्ही'च्या आकाराचा जोड म्हणजे क्रॉसिंग.

क्रॉसिंगचा नंबर, म्हणजे 'व्ही' किती निमुळता आहे ते, घरच्या घरी काढता येतो. 'व्ही'ची रुंदी जिथं १०० मि.मी. आहे तिथं खडूची रेघ मारा, २०० आहे तिथं दुसरी. दोन रेघांतलं अंतर १०० नं भागा. ८५० मि.मी. आलं तर क्रॉसिंग ८½ ला १, १,२०० आलं तर १२ ला १.

दांडे, कोपऱ्यात वळणारे क्रँक, तारेच्या कप्प्या हे सिग्नलचं सामान. रुळाच्या यादीत घुसडू नका, पण त्यांची जागा नकाशावर नक्की दाखवा. कप्प्या एका रांगेत मिळाल्या तर तार कुठून जात होती ते कळतं.

## टप्पा ८ : आता नाव द्या

प्रत्येक नोंदीत तीन रकाने ठेवा: *पाहिलं*, *मोजलं*, *अंदाज*. "गंजलेला सपाट तळाचा रूळ, राखेच्या थरात, फलाटाला समांतर" हे पहिल्यात. "तळ १०८, उंची १०९, डोकं ५६" हे दुसऱ्यात. "६० पौंडी, मीटर गेज, बराच झिजलेला" हे तिसऱ्यात, आणि पुढं कशावरून ते. अंदाज पेन्सिलीनं लिहा. काका येतात, अंदाज बदलतो.

'ब्रिटिशकालीन' हा शब्द यादीत वापरू नका. त्यात १८८२ पण येतं आणि १९४६ पण.

## ठेवायचं कुठं

जमिनीपासून वर, लाकडी पट्ट्यांवर, वारा लागेल असं. ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत गंज दुप्पट जोरानं येतो. पूर्ण वाळल्यावर पातळ मेणाचा हात पुरे. चकचकीत काळा ऑइलपेंट फासायची घाई उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हटकून कुणाला तरी होते. त्या दिवशी खोलीची किल्ली स्वतःजवळ ठेवा.